पादेलोणाचा कारखान्यातला भाऊ

आज वाचण्याआधी एक काम करा. स्वयंपाकघरात जाऊन काळ्या मिठाची बरणी उघडा. वास घ्या, आणि मग चिमूटभर मीठ वाटीत घेऊन त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळा. पुन्हा वास घ्या.

दुसऱ्यांदा वास जास्त आला ना? उकडलेल्या अंड्याचा, थोडा नाक मुरडायला लावणारा? बाजूला मुलं असतील तर एव्हाना त्यांचं हसून झालं असेल. या मिठाला आपण मराठीत पादेलोण म्हणतो, आणि त्या नावाची व्युत्पत्ती मुलांना समजावून सांगावी लागत नाही.

तो वास ज्या कुळातला आहे, त्या कुळातल्या एका संयुगाबद्दल आज बोलायचं आहे. त्याचं नाव सोडियम सल्फाइड. सोडियमचे दोन अणू आणि गंधकाचा एक, एवढाच त्याचा संसार. नाव तुम्ही कदाचित ऐकलंही नसेल. पण तुमच्या पायातली चप्पल, अंगातली काळी जीन्स आणि काल कुरियरने आलेला खाकी खोका, या तिघांच्या मागे ते असण्याची दाट शक्यता आहे. आणि ते निष्काळजीपणे हाताळलं तर माणसं मरतात, हेही तितकंच खरं आहे.

आधी मिठाकडेच पाहू. काळं मीठ जमिनीतून काळं निघत नाही. पारंपरिक पद्धतीत साधं खनिज मीठ किंवा राजस्थानातल्या सांभर, डीडवाना यांसारख्या खाऱ्या सरोवरांचं मीठ मातीच्या भांड्यात भरतात. त्यात कोळसा, थोडा हिरडा, बेहडा, आवळा, बाभळीची साल असं काहीबाही घालतात. तोंड बंद करतात आणि भांडं भट्टीत दिवसभर तापवतात. मिठात मुळात थोडं सोडियम सल्फेट मिसळलेलं असतं. सल्फेटमध्ये गंधकाच्या भोवती ऑक्सिजनचे चार अणू पहारा देत उभे असतात. भट्टीच्या उष्णतेत कोळसा हे चारही अणू ओढून घेतो आणि स्वतः धूर होऊन निघून जातो. मागे उरतं सोडियम सल्फाइड. मिठात लोहाचा अंश असतो, त्याचंही सल्फाइड होतं आणि खड्यांना तो जांभळट काळा रंग येतो. हे सगळं प्रमाण अगदी नाममात्र असतं. बाकी सारं नेहमीचंच मीठ. पण नाक फार तीक्ष्ण यंत्र आहे, त्याला नाममात्रसुद्धा पुरतं. ताकात, जलजिऱ्यात, पाणीपुरीच्या पाण्यात म्हणूनच चिमूट टाकतात, मूठ नाही. अंडं न खाणारे लोक हल्ली टोफूच्या भुर्जीत हेच मीठ घालून अंड्याची चव आणतात, तीही याच गंधकाची करामत.

आता गंमत बघा. कारखान्यात सोडियम सल्फाइड बनवायची पद्धत अगदी हीच आहे. हिरडा-आवळा नाही, एवढाच फरक. सोडियम सल्फेट आणि कोळशाची भुकटी मिसळायची, भट्टीत ९०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची, जो काळा गोळा तयार होतो तो गरम पाण्यात विरघळवायचा, न विरघळलेला गाळ वेगळा करायचा आणि पाणी आटवायचं. डीडवाना सरोवराच्या पाण्यात सोडियम सल्फेट भरपूर, म्हणून तिथे सरकारी रसायन कारखानाही उभा राहिला होता. एकाच सरोवराच्या काठावर मिठाची भट्टी आणि रसायनाची भट्टी! रसायनशास्त्राला स्वयंपाकघर आणि कारखाना यांत भेद करता येत नाही. तो आपल्यालाच करावा लागतो.

शुद्ध सोडियम सल्फाइड पांढरं असतं. बाजारात मिळतं ते मात्र पिवळसर ते विटकरी तांबूस पापुद्र्यांच्या रूपात, पोत्यात किंवा पिंपात. त्यात साधारण ६० टक्के सल्फाइड आणि बाकी बरंचसं पाणी. रंग येतो तो लोहासारख्या अशुद्धींमुळे. पोतं उघडं ठेवलं की ते हवेतली ओल शोषून चिकट होतं. पावसाळ्यात गुळाच्या ढेपेचं जे होतं तेच. पण इथे नुसतं चिकट होण्यावर भागत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल मिळून त्यातून हळूहळू कुजक्या अंड्याचा वायू सोडवत राहतात. पाण्यात ते सहज विरघळतं आणि ते पाणी बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागतं. बुळबुळीत लागतं, कारण ते बोटाची कातडीच खात असतं. कॉस्टिक सोड्याइतकंच झोंबरं.

कातडी खातं, आणि त्याहून आवडीने केस खातं. त्याचा एक मोठा उपयोग इथूनच निघाला.

केस, नखं, शिंगं, लोकर, पिसं ही सगळी केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असतात. या प्रथिनाच्या लांब साखळ्या एकमेकींना गंधकाच्या टाक्यांनी शिवलेल्या असतात. केस जळला की जो उग्र वास येतो तो या गंधकाचा. सोडियम सल्फाइड हे टाके उसवतं. टाके उसवले की केसाचं बघता बघता शेवाळासारखं बुळबुळीत पिठलं होतं. पण केसाखालची खरी कातडी वेगळ्या प्रथिनाची, कोलॅजेनची असते आणि त्यात हे गंधकाचे टाके नसतात. म्हणून केस विरघळतो आणि कातडं शाबूत राहतं. चामड्याच्या धंद्याला याहून सोयीचं काय हवं?

पूर्वी हे काम नुसत्या चुन्याने चालायचं. कातडी चुन्याच्या हौदात अनेक दिवस पडून राहायची, मग केस खरवडून काढायचे. आपल्या कोल्हापुरी चपलेचं चामडं पारंपरिक पद्धतीने असंच होतं. चुन्यातून काढलेली कातडी पिशवीसारखी शिवतात, तिच्यात बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरून ती टांगून ठेवतात, आणि ते पाणी झिरपत झिरपत कातड्याचं चामडं करतं. (हिरडा आणि बाभूळ पुन्हा भेटले, लक्षात आलं का? तिकडे मिठाच्या भांड्यात, इकडे कातड्याच्या पिशवीत.) २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून. पण चपलेचं कौतुक करताना तिच्यामागच्या हौदाचं कौतुक आपण कधी केलं नाही. ते काम ज्यांच्या वाट्याला जातीने आलं, त्यांना त्या वासासकट गावाबाहेर ठेवलं आणि चप्पल तेवढी उंबऱ्यापर्यंत येऊ दिली.

मोठ्या कारखान्यांना इतका वेळ परवडत नाही. चुन्यात कातड्याच्या वजनाच्या दोन-तीन टक्के सोडियम सल्फाइड मिसळलं की काही दिवसांचं काम एका रात्रीत होतं. कानपूरचं जाजमऊ, तमिळनाडूतलं राणीपेट, आंबूर, वाणियंबाडी, कोलकात्याजवळचं बानतला इथल्या चामड्याच्या कारखान्यांत हाच रिवाज. तुमच्यापैकी कुणी नोकरीनिमित्त त्या बाजूला राहत असाल, तर त्या रस्त्याने जाताना काच वर करायची सवय तुम्हाला लागलेली असेल.

अडचण पुढे येते. केस विरघळले, ते गेले कुठे? पाण्यात. ते चुन्याचं, सल्फाइडचं, केसांच्या लगद्याचं पाणी टाकायचं कुठे? आणि त्याच कारखान्यात पुढच्या टप्प्यावर कातडी आम्लात बुडवावी लागतात, त्याचंही पाणी निघतं. ही दोन पाणी एका गटारात भेटली, तर तुम्ही मघाशी वाटीत लिंबू पिळून जे केलं तेच होतं. फक्त चिमटीच्या जागी पिंपं असतात. म्हणून नीट चालवलेल्या कारखान्यात सल्फाइडचं पाणी वेगळ्या नळाने वेगळ्या टाकीत नेतात. तिथे थोडं मँगनीजचं क्षार घालून तासन् तास हवा फुंकतात, म्हणजे सल्फाइड निरुपद्रवी होतं. चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था १९४८ पासून या विषयात आहे. केस विरघळवण्याऐवजी विकरांच्या मदतीने मुळासकट सोडवून घ्यायचे आणि सल्फाइड कमी करायचं, या दिशेने तिथे बरंच काम झालं आहे. केस अखंड निघाला की तो पाण्यात न जाता गाळून काढता येतो. मला स्वतःला या धंद्यातली सगळ्यात शहाणपणाची कल्पना हीच वाटते.

केस काढण्यावरून आठवलं. पूर्वी न्हाव्याकडे आणि बाजारात केस काढायची जी स्वस्त भुकटी मिळायची, तिच्यात याच कुळातलं बेरियम सल्फाइड असायचं. काम तेच, टाके उसवण्याचं. हल्लीच्या ट्यूबमधल्या क्रीममध्ये गंधकाचंच, पण वेगळं आणि सौम्य रसायन असतं. तरी तो ओळखीचा वास तिलाही येतोच, कितीही गुलाबाचं अत्तर घाला. जुनी भुकटी घरात कुठे पडलेली असेल तर ती लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. बेरियम पोटात गेलं तर रक्तातलं पोटॅशियम घसरतं, हातपाय लुळे पडतात आणि जीवही जातो. ती ठेवायची वस्तू नव्हे.

आता कपड्यांकडे वळू. काळा सुती कपडा रंगवायला जगभर जो रंग सर्वाधिक वापरतात, त्याला सल्फर ब्लॅक म्हणतात. या जातीचा पहिला रंग १८७३ साली फ्रान्समध्ये निघाला, आणि तो कशापासून निघाला ते ऐकलंत तर हसाल. लाकडाचा भुसा, कोंडा असला टाकाऊ माल गंधक आणि सोडियम सल्फाइडसारख्या क्षारासोबत तापवून! आपल्याकडे भुश्याच्या फार तर शेगड्या झाल्या. सल्फर ब्लॅक पाण्यात विरघळत नाही, मग तो सुतात शिरणार कसा? इथे सोडियम सल्फाइड कामाला येतं. त्याच्यासोबत तापवला की रंगाचं रूप बदलतं, तो पाण्यात विरघळतो आणि सुताच्या आत जाऊन बसतो. मग कापड हवेत किंवा दुसऱ्या रसायनात धरलं की रंग पूर्वीच्या न विरघळणाऱ्या रूपात परत येतो. आत गेलेला पाहुणा आतच अडकतो. स्वस्त आणि पाण्याला पक्का. फक्त क्लोरिनपुढे तो टिकत नाही. म्हणून काळ्या सुती पॅन्टवर डाग पडला तर त्यावर ब्लीच ओतू नका. डाग जाईल, सोबत काळेपणाही जाईल आणि तिथे तांबूस नकाशा उरेल.

कागदाची गोष्ट थोडक्यात. लाकडातले तंतू लिग्निन नावाच्या डिंकाने चिकटलेले असतात. कार्ल डाल नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने १८७९ च्या सुमारास असं पाहिलं, की कॉस्टिक सोड्यासोबत सोडियम सल्फाइड असेल तर हा डिंक लवकर सुटतो आणि तंतू कमी दुखावतात. निघालेला कागद इतका चिवट, की त्याला नावच ‘क्राफ्ट’ पडलं, म्हणजे जर्मनमध्ये ताकद. सिमेंटची पोती, किराण्याच्या पिशव्या, खोक्यांचा खाकी कागद तो हाच. बल्लारपूर किंवा दांडेलीसारख्या कागद गिरणीच्या गावातून गाडीने जाताना जो कुजका वास डब्यात शिरतो आणि अख्खा डबा एकमेकांकडे संशयाने बघू लागतो, तो या सल्फाइडच्या नातेवाइकांचा. कुणी दोषी नसतं. आणि इथेही तीच जुनी भट्टी आहे. उरलेलं काळं पाणी आटवून गिरणीत जाळतात, त्यात सोडियम सल्फेट घालतात, आणि लाकडाचाच कार्बन सल्फेटमधला ऑक्सिजन ओढून पुन्हा सल्फाइड करून देतो.

आजोबांच्या लग्नाचा तपकिरी फोटो असेल घरात, तर तोही सोडियम सल्फाइडने तसा केलेला असू शकतो. फोटोतली काळी चांदी तपकिरी सिल्व्हर सल्फाइडमध्ये बदलली की ती लवकर विटत नाही.

आता ज्यासाठी हा विषय घेतला, तिकडे येते.

६ जानेवारी २०२२. सुरतजवळची सचिन औद्योगिक वसाहत. पहाटेच्या अंधारात एक टँकर तिथल्या नाल्यात चोरून रिकामा केला जात होता. रीतसर विल्हेवाटीला पैसे पडतात, नाला फुकट असतो. थोड्या वेळात वायू पसरला आणि शेजारच्या कापड गिरणीतले कामगार जागच्या जागी कोसळू लागले. सहा माणसं गेली, वीसहून अधिक रुग्णालयात पोचली. त्या माणसांचा टँकरशी काही संबंध नव्हता. ती आपल्या कामावर होती, इतकंच. नंतरच्या तपासात सोडियम हायड्रोसल्फाइडचं नाव आलं, म्हणजे आपल्या सोडियम सल्फाइडचा सख्खा भाऊ. अशा पाण्याला नाल्यात दुसऱ्या कुणाचं आम्लाचं पाणी भेटलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. वाटीत लिंबू, नाल्यात टँकर.

या वायूबद्दल एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. त्याचा वास अगदी थोड्या प्रमाणात, हवेच्या दहा लाख भागांत एक भागही नसताना येतो. पण तेच प्रमाण दहा लाखांत शंभरच्या आसपास गेलं की नाकाची वास घ्यायची शक्तीच बंद पडते. माणसाला वाटतं, गेला वास, आता हरकत नाही. आणि पाचशे-हजारच्या पुढे दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. हा वायू हवेपेक्षा जड आहे, म्हणून तो वर उडून न जाता खड्ड्यात, विहिरीत, टाकीत, गटाराच्या भोकात तळाशी साचून राहतो.

त्याला कारखान्याची गरजही नसते. मैला कुजताना जिवाणू तोच वायू तयार करतात. शौचालयाची टाकी किंवा गटार साफ करायला उतरलेला माणूस बाहेर आला नाही, त्याला बघायला दुसरा उतरला, मग तिसरा, ही बातमी आपण वर्षातून कितीदा वाचतो? दुसरा आणि तिसरा बहुतेकदा भाऊ, मुलगा किंवा शेजारी असतो. आत पडलेला आपला माणूस दिसत असताना काठावर थांबणं हे जगातलं सगळ्यात अवघड काम असेल. पण उतरणारा वाचवत नाही, तो पुढचा बळी होतो. ११२ किंवा अग्निशमन दलाचा १०१ फिरवायचा, माणसं जमवायची, झाकणं उघडायची, लांबून दोर टाकता आला तर टाकायचा. खाली जायचं नाही, तोंडाला ओला रुमाल बांधूनही नाही. रुमाल या वायूला अडवत नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात आणि टाकीत उतरवायला बंदी आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘टाकी साफ करणारा कुणाच्या ओळखीचा आहे का, स्वस्तात करेल असा’ असा निरोप येतो, तेव्हा यंत्राची गाडी बोलवा असं उत्तर तुम्ही द्या. चार पैसे जास्त जातील. कुणी कुरकुर केली तर हा लेख त्याला पाठवा.

घरात सोडियम सल्फाइड बाळगायचं काहीच कारण नाही. पण घरापाठी छोटं चामड्याचं वा रंगाईचं काम चालत असेल, आणि असे वाचक आहेत हे मला तुमच्या पत्रांवरून ठाऊक आहे, तर दोन गोष्टी. शौचालय साफ करायचं ॲसिड आणि हे पिंप एका खोलीत ठेवू नका, आणि त्या मोरीत ॲसिड कधीही ओतू नका. हातावर किंवा डोळ्यात उडालं तर वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटं धरा आणि दवाखाना गाठा. क्षाराला आम्लाने मारायचं असं शाळेत शिकलेलं आठवून लिंबू किंवा व्हिनेगर चोळायला जाऊ नका. इथे ते दुप्पट महागात पडेल.

इतकं भीतीदायक वाचल्यावर एक निरुपद्रवी उद्योग सुचवते. कपाटात काळवंडलेले चांदीचे पैंजण असतीलच. ते काळेपण म्हणजे सिल्व्हर सल्फाइड, हवेतल्या आणि घामातल्या गंधकाने चढलेलं. एका खोलगट पातेल्यात तळाशी ॲल्युमिनियमची फॉइल पसरा, तिच्यावर पैंजण ठेवा, दोन चमचे खाण्याचा सोडा भुरभुरा आणि वरून कढत पाणी ओता. पैंजण फॉइलला टेकलेले हवेत. ॲल्युमिनियम तो गंधक चांदीकडून काढून घेतं, आणि पाच-दहा मिनिटांत चांदी परत येते. चांदी घासून झिजवावी लागत नाही. पाण्यावर वाकून पाहिलंत तर पादेलोणाची पुसट आठवण येईल, खिडकी उघडी ठेवली की झालं. मोती, खडे किंवा लाखेचं भरण असलेले दागिने मात्र यात घालू नका, आणि मुद्दाम काळसर केलेले ऑक्सिडाइज्ड झुमके तर अजिबात नकोत. ते पांढरे होऊन निघतील आणि मग ज्यांचे असतील त्या तुम्हाला सोडणार नाहीत.